साइट वाचता येते, हे परीक्षकाला दाखवायचं कसं?

ओलसर_माती:

नमस्कार. मी एका लँडस्केप ऑफिसात ज्युनिअर आहे आणि कामावरच शिकून पात्रता मिळवायचा जो मार्ग असतो, त्यातून चाललेय. म्हणजे लेखी परीक्षा नाही. प्रत्यक्ष कामातले पुरावे जमवायचे, वरिष्ठांची साक्ष जोडायची आणि परीक्षक ते बघून ठरवणार. अडलेय ते नैसर्गिक आणि बांधीव परिसराचं विश्लेषण करता येतं हे दाखवण्यावर.

साइट अशी: एका कॉलेजच्या आवारात दोन इमारतींमधली मोकळी जागा, उत्तर-दक्षिण ४५ मीटर, पूर्व-पश्चिम २५ मीटर. दक्षिणेकडे एकूण १.८ मीटर उतार. पश्चिमेला वर्गांची ९ मीटर उंच इमारत, पूर्वेला बैठं ग्रंथालय. आग्नेय कोपऱ्यात, ग्रंथालयाला लागून, चिखल. त्याच्या थोडं वर एक जुनं झाड, भिंतीपासून ५ मीटरवर. कॉलेजला इथे मुलांना बसायला अंगण हवंय.

मी दिलेलं सामान: कंटूरचा (सारख्या उंचीच्या रेषांचा) नकाशा, ऊन-सावलीचे सॉफ्टवेअरमधून काढलेले आलेख, वाऱ्याचे बाण, आवाजाचे बाण, झाडाचे फोटो, मातीच्या चाचणीचा निकाल, आणि सगळं एकत्र दाखवणारी एक रंगीत शीट, जी ऑफिसात सगळ्यांना आवडली होती. फाइल परत आली. शेरा एका ओळीचा: वर्णन चांगलं आहे, विश्लेषण दिसत नाही.

वर्णन कुठे संपतं आणि विश्लेषण कुठे सुरू होतं? आणखी नकाशे जोडू का? सॉफ्टवेअरचे आलेख पुरावा म्हणून चालतात का? 'बांधीव परिसर' म्हणजे इमारतींची उंची आणि मटेरियल लिहिलं की झालं का? शिवाय सर्व्हे आम्ही तिघांनी मिळून केला. त्यातलं माझं काम वेगळं कसं काढून दाखवायचं?


टेपचं_टोक:

शेवटचा प्रश्न सोपा आहे, तो आधी उरकतो.

तिघांनी केलेलं काम तिघांचंच राहू दे. 'सर्व्हे केला' असं मोघम लिहू नका. लेव्हलवर (उंची मोजायच्या दुर्बिणीवर) डोळा कोणाचा होता, स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) कोणी धरला, वही कोणी लिहिली, हिशेब कोणी जुळवला, ते सरळ लिहा. वरिष्ठांच्या पत्रातही तेच यायला हवं. 'अतिशय कष्टाळू आणि तळमळीने काम करणारी' अशी पत्रं परीक्षकाच्या काही कामाची नसतात. 'आराखड्यात बसायची जागा कोपऱ्यातून हलवली ती हिच्या निरीक्षणावरून' हे एक वाक्य असलं तरी भागतं.

आणि नोंदवहीची कच्ची पानं जोडाच. चिखलाचा डाग, खाडाखोड, सगळ्यासकट. लेव्हल घेताना शेवटी पुन्हा बेंचमार्कवर (सुरुवातीच्या ठरलेल्या उंचीच्या खुणेवर) येऊन फरक किती पडला ते वहीत असेल तर सोन्याहून पिवळं. पाच-सात मिलिमीटरचा फरक लिहिलेली वही मला शून्य फरकवाल्या वहीपेक्षा खरी वाटते.

बाकी काका येतीलच.


लेव्हलवाले_काका:

आलोच. तुला 'तू' म्हणतोय, चालवून घे. माझ्या हाताखालची पोरं तुझ्याच वयाची आहेत.

परीक्षकाचा शेरा बरोबर असणार, फाइल न बघताही सांगतो. कारण तू सामानाची यादी दिलीस आणि त्यात एकही वाक्य 'म्हणून' असलेलं नाही.

ज्युनिअरची शीट माझ्याकडे आली की मी एकेक बाण अंगठ्याने झाकतो आणि विचारतो, हा नसता तर आराखड्यात काय वेगळं झालं असतं? एखादा बाक हलला असता? वाट वळली असती? झाड वेगळं निवडलं असतं? उत्तर 'काही नाही' असेल तर तो बाण नक्षी आहे. खरा असेल, मोजूनमापून काढलेला असेल, तरी नक्षीच. तुझ्या रंगीत शीटवर घरीच हा अंगठा फिरव. निम्मे बाण गळतील बघ. गळलेले दोन-तीन मुद्दाम फाइलमध्ये ठेव आणि लिही: 'रस्त्याचा आवाज नोंदवला, पण वर्गांची इमारत मध्ये असल्याने अंगणात तो जाणवत नाही, म्हणून त्यासाठी काही केलं नाही.' काय सोडलं आणि का सोडलं, हेही विश्लेषणच.

आता चिखल. तुझ्या साइटवरची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे आणि तू तिला अर्ध्या वाक्यात उरकलंस.

'आग्नेय कोपऱ्यात पाणी साचतं' हे कॉलेजच्या माळ्याला तुझ्याआधीपासून माहीत आहे. (त्याला विचारलंस का? विचारलं असशील तर तारखेसकट नोंद जोड. तो पुरावा आहे, गप्पा नव्हेत.) तुझं काम पुढे सुरू होतं: का साचतं? मला बसल्या जागी चार कारणं दिसतात. ग्रंथालयाच्या छपराचं पाणी तिथे उतरत असेल. माती पाणी पीत नसेल. एखादी नळी जमिनीखाली गळत असेल. किंवा पाणी जायला चेंबर आहे, पण त्याची जाळी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर बसवलेली आहे. हे शेवटचं वाटतं त्याहून फार जास्त वेळा सापडतं.

चारही कारणांना चिखल सारखाच दिसतो. उपाय मात्र चार वेगळे. म्हणून एकेक कारण खोडत जायचं आणि कशाने खोडलं ते लिहायचं.

छप्पर: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ग्रंथालयाचं तुझ्या बाजूला उतरणारं छप्पर समजा ४०० चौरस मीटर आहे. ५० मिलिमीटर पाऊस झाला तर २०,००० लिटर. छपरात जवळजवळ काही मुरत नाही, सगळं खाली येतं. ते खाली आणणारे पाइप किती, कुठे संपतात, चेंबरला जोडलेत की जमिनीवरच मोकळे सोडलेत, ते बघ. भर पावसात छत्री घेऊन तिथे उभी राहा. पहिल्या काही मिनिटांत कोपऱ्यात पाणी कुठून येतं ते डोळ्यांना दिसतं. त्या वेळचा व्हिडिओ कुठल्याही रंगीत शीटपेक्षा बोलका.

गळती: बरेच दिवस पाऊस नसताना जा. सगळीकडे भेगा पडल्यात आणि कोपरा तेवढा ओला, गवत तेवढंच हिरवं, तर पावसाला दोष देऊन उपयोग नाही. रात्री सगळे नळ बंद असताना पाण्याचा मीटर फिरतोय का हे कॉलेजच्या माणसाला बघायला सांग. मीटर थांबलेला असेल तर पिण्याच्या पाण्याची लाइन सुटली. सांडपाण्याची लाइन त्याने सुटत नाही, तिला नाक लागतं.

माती: प्रयोगशाळेचा निकाल तू जोडलास, छान. पण नमुना कुठून घेतला? इमारतींच्या मधली माती 'नैसर्गिक' या रकान्यात टाकायची घाई करू नकोस. ग्रंथालय बांधताना त्याच कोपऱ्यात वाळू-खडीचे ढीग असतील, यंत्रं फिरली असतील, पायाची माती पसरली असेल. वरच्या दोन वीत मातीत विटांचे तुकडे, सिमेंटच्या चिपा सापडल्या तर तो भराव आहे. म्हणून दोन खड्डे घे, एक कोपऱ्यात आणि एक वरच्या अंगाला, जिथे बांधकामाचा हात लागलेला नसावा. ओलवून गोळा कर आणि अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढ. २.५ सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयटा, ५ सेंटिमीटरपेक्षा लांब निघाली तर चिकणमाती. मग ३० सेंटिमीटर खोल खड्ड्यात पाणी भर, एकदा पूर्ण जिरू दे, पुन्हा भर आणि तासाला किती उतरतं ते मोज. २.५ सेंटिमीटरपेक्षा कमी उतरलं तर निचरा मंद. दोन्ही खड्ड्यांत माती एकच, पट्टी सारखीच, पण कोपऱ्यात पाणी उतरत नाही, असं झालं तर दोष मातीच्या जातीचा नाही, ती दाबली गेली आहे. दाबलेली माती मोकळी करता येते. जात बदलता येत नाही. बघ, एका जास्तीच्या खड्ड्याने आराखड्याचा खर्चच बदलला.

खड्ड्याच्या कडेचा रंगही बघ. करडी, निळसर झाक आणि तिच्यात गंजासारखे ठिपके दिसले तर तिथे पाणी दीर्घकाळ तुंबून राहतं. हवा न मिळाल्याने मातीतल्या लोहाचा रंग बदलतो. हा पुरावा ऐन कोरड्या दिवसातही मिळतो.

खोदायच्या आधी मात्र जमिनीखालच्या केबल आणि पाइपांचे नकाशे मागव आणि परवानगी घे. ते पत्र फाइलला लाव. कामाच्या ठिकाणचं कौशल्य म्हणतात त्यात हेही येतं, आणि नव्वद टक्के फाइलींमध्ये ते नसतं. (टक्केवारी माझ्या चिडचिडीची, मोजलेली नाही.)

चेंबर: लेव्हल तुझ्याकडे आहेच. जाळीचा आरएल (बेंचमार्कच्या हिशेबाने उंची), तिच्या चारही बाजूंच्या जमिनीचा आरएल, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांच्या तळाचा आरएल. बस्स. लेव्हल मशीन परत दिलं असेल तर पारदर्शक नळीत पाणी भरूनही हे होतं, गवंडी अजून तसंच करतात.

आता या चौघांत नैसर्गिक कोण आणि बांधीव कोण, सांग. पाऊस निसर्गाचा, छप्पर माणसाचं, माती निसर्गाची पण दाबली माणसाने, उतार निसर्गाचा पण जाळी गवंड्याची. फाइलमध्ये दोन वेगळी प्रकरणं करून एकात झाडं आणि दुसऱ्यात इमारती लिहिल्या असशील तर तोडून टाक. तुझ्या साइटवरचं जे काही महत्त्वाचं आहे ते या दोन्हींच्या सांध्यात घडतंय.

झाडाचंही तसंच. फोटो कशाला पाठवलेस? घेर मोज. समजा १८८ सेंटिमीटर आला, ३.१४ ने भाग, व्यास ६० सेंटिमीटर. ऑस्ट्रेलियाच्या मानकात जमिनीपासून १.४ मीटरवर मोजतात, ब्रिटनच्या मानकात १.५ मीटरवर, आणि दोन्हीकडे व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ मुळांसाठी राखतात. म्हणजे ७.२ मीटर. कोणतं मानक आणि किती उंचीवर मोजलं ते लिहायचं, नाहीतर आकडा लोंबकळत राहतो. आता हे वर्तुळ नकाशावर काढ. झाड भिंतीपासून ५ मीटरवर आहे म्हणालीस, म्हणजे वर्तुळ ग्रंथालयाच्या आत शिरलं. त्या बाजूला मुळं इमारतीच्या पायाने आधीच तोडली किंवा अडवली असणार. मग उरलेल्या बाजूंची मुळं झाडाला जास्त प्यारी. आणि तुझं अंगण नेमकं त्याच बाजूंना. मुळांचा मोठा भाग वरच्या साधारण ६० सेंटिमीटर मातीत पसरलेला असतो, तेव्हा 'फक्त एक फूट खोदून फरशी टाकू' हे वाक्य आराखड्यात आलं तर झाड गेलं समज. लगेच नाही जात. काही वर्षांनी जातं, आणि तोवर सगळे विसरलेले असतात कोणी खोदलं ते.

झाडाची तब्येत बरी की वाईट, ते तू ठरवू नकोस. बुंध्याशी भोक, बुरशी, एकीकडे उचललेली माती दिसली तर नोंद कर आणि 'झाडांच्या तज्ज्ञाकडे पाठवावं' असं लिही. आपलं ज्ञान कुठे संपतं हे ज्याला कळतं, त्याच्या बाकीच्या वाक्यांवर परीक्षक विश्वास ठेवतो. इमारतीच्या पायाला तडे असतील तर तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे.

ऊन-सावलीचं थोडक्यात. सॉफ्टवेअरचा आलेख चालतो, पण तू तो तपासलास हे दिसलं तर. एक मीटरची काठी ओळंब्यात उभी कर, सावलीची लांबी आणि दिशा मोज, वेळ लिही. सावली १ मीटर म्हणजे सूर्य ४५ अंशांवर, १.७३ मीटर म्हणजे ३० अंशांवर. त्याच वेळेचं सॉफ्टवेअरचं उत्तर शेजारी ठेव. लांबी जुळली पण दिशा जुळली नाही, तर बहुतेक वेळा उत्तर दिशा चुकलेली असते. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत जागेनुसार अंशांचा फरक पडतो, आणि तो कोणी बघत नाही. एकदा खात्री पटली की मग हिशेब घरबसल्या: पश्चिमेची इमारत ९ मीटर, सूर्य पश्चिमेला ३० अंशांवर आला की सावली साडेपंधरा मीटरच्या वर जाते. तुझ्या २५ मीटरपैकी ग्रंथालयाकडची नऊ-एक मीटरची पट्टी तेवढी उन्हात. ते ऊन हवंय की नकोय, ते हवामानावर आणि मुलं तिथे किती वाजता येतात त्यावर. म्हणजे पुन्हा 'म्हणून'.


ओलसर_माती:

काका, प्रिंट काढून भिंतीवर लावतेय. 'तू' चालेलच.

जाळी! मला वाटतं ती वर आहे. फोटोत तिच्याभोवती पाणी दिसतंय आणि जाळी कोरडी.

दोन शंका. कंटूरचा काही भाग आम्ही उपग्रहाच्या मोफत उंचीच्या डेटावरून काढला होता. तो ठेवू का? आणि माणसांचं काय? कॉलेजची मुलं ही 'बांधीव परिसरात' मोडतात की कशात? मी दुपारच्या सुट्टीत डोकी मोजली आहेत, बरीच जण जागेतून जातात, म्हणून 'वापर भरपूर' असं लिहिलंय.


सावलीची_बाजू:

माणसांबद्दल मी लिहिते. नगररचनेत काम करते, काकांइतकी मातीत हात घालत नाही.

'जागेतून जातात' आणि 'जागेत थांबतात' या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझ्या 'वापर भरपूर'मध्ये त्या एकत्र झाल्यात. डेन्मार्कचे वास्तुविशारद यान गेल यांनी ही विभागणी फार पूर्वी केली: काही हालचाली कराव्याच लागतात, म्हणजे वर्गात जाणं, बस गाठणं, आणि त्या जागा कशीही असली तरी होतात. काही मर्जीच्या असतात, म्हणजे रेंगाळणं, बसणं, आणि त्या जागा चांगली असली तरच होतात. तुला मोजायचंय ते दुसऱ्या प्रकारचं. कोण थांबलं, कुठे, किती मिनिटं, कशाला टेकून. पायऱ्यांवर, जोत्यावर, झाडाच्या कट्ट्यावर? आज बाक नसताना मुलं कुठे टेकतात ते नकाशावर ठिपक्यांनी दाखव. शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कचे चौक कॅमेऱ्याने टिपले. कळलं ते हे, की लोक बसतात तिथे, जिथे बसायला जागा असते. हसू येतं, पण आधी चौक बांधणाऱ्यांना ते सुचलं नव्हतं.

एकाच वेळी मोजू नकोस. सकाळ, सुट्टी, संध्याकाळ, पाऊस पडत असताना, सुट्टीचा दिवस. प्रत्येक वेळी सारखाच कालावधी, नाहीतर तुलना होत नाही. गवतावर पडलेली पायवाटही मोजून घे. ती आराखड्यातल्या वाटेपेक्षा वेगळी असेल तर मुलांनी तुझं अर्धं काम केलंय. फोटोत चेहरे येऊ देऊ नकोस. परवानगीचा प्रश्न येतो.

नगररचनाकार केविन लिंच यांचे पाच घटक, म्हणजे वाटा, कडा, विभाग, मिलनबिंदू आणि खुणेच्या जागा, पुष्कळ मुलं सगळीकडे रंगवतात. शहरासाठी ते फार उपयोगी आहेत, लिंच यांनी १९६० साली बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसवरून मांडले होते. ४५ मीटरच्या अंगणात पाच रंगांनी पाच नावं लिहिणं म्हणजे काकांच्या भाषेत नक्षी. 'कडा' तेवढी कामाची: मुलं मधोमध बसत नाहीत, कडेला पाठ टेकून बसतात का, ते बघ.

आता उतार, कारण इथे माझा आणि काकांचा विषय एकमेकांत अडकतो. ४५ मीटरला १.८ म्हणजे ४ टक्के, १:२५. अनेक देशांच्या नियमांत १:२० पर्यंतची वाट साधी वाट धरतात, त्याहून तीव्र झाली की रॅम्प, आणि रॅम्पची मर्यादा साधारण १:१२. म्हणजे व्हीलचेअरवरचा विद्यार्थी तुझ्या वाटेने वरखाली जाऊ शकतो. पण थांबू शकत नाही. थांबायला जवळजवळ सपाट जागा लागते, १:५० च्या आसपास. ४ टक्क्यांवर ठेवलेल्या टेबलावरचं पेनसुद्धा घरंगळतं. म्हणजे बसायच्या जागी जमीन टप्प्याटप्प्याने सपाट करावी लागणार, म्हणजे कुठे खोदाई, कुठे भराव. आणि काकांच्या ७.२ मीटरच्या वर्तुळात खोदाई नको, भरावही नको, कारण मुळांवर माती चढवली की त्यांची हवा तुटते. मग सपाट टप्पा जाणार कुठे? वर्तुळाच्या बाहेर, वरच्या अंगाला. पण झाडाची गार सावली तर वर्तुळातच. तुझ्या साइटचा खरा पेच हा आहे असं मला वाटतं. चिखल त्यामानाने सोपा.

एका बाबतीत काकांशी मतभेद. सगळं सांध्यात बघायचं हे मान्य, पण थर वेगळे काढणं वाईट नाही. लँडस्केप आर्किटेक्ट इयान मॅकहार्ग यांनी १९६० च्या दशकात पारदर्शक कागदांवर माती, पाणी, झाडी, वस्ती वेगवेगळी रंगवून एकावर एक ठेवली आणि रस्ता कुठून नेऊ नये ते दाखवलं. आजचं जीआयएस (संगणकावरचे थरांचे नकाशे) त्याच वाटेने चालतं. वेगळं काढलं म्हणूनच कुठे काय आदळतंय ते दिसतं. सपाट टप्प्यांचा कागद आणि मुळांच्या वर्तुळाचा कागद एकावर एक ठेवलास की पेच आपोआप समोर येईल. फक्त गुण देऊन बेरजा करू नकोस. उताराचे ३, मातीचे २, सावलीचे ४, मिळून ९, म्हणून ही जागा उत्तम, असल्या बेरजेत झाड मरतं आणि गुणपत्रिका चांगली येते.


लेव्हलवाले_काका:

बेरजेबद्दल शंभर टक्के सहमत. थरांबद्दल... बरं, ठीक आहे. थर काढ, पण तिथेच थांबू नकोस एवढंच म्हणणं होतं. पेच मात्र मी पाहायला हवा होता तो यांनी पाहिला, मान गये.

उपग्रहाचा डेटा. कोणता ते सांगितलं नाहीस, पण मोफत म्हणजे बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलवरच्या रडारने घेतलेला. त्याचा एक चौकोन ३० मीटरचा. तुझी साइट ४५ बाय २५. म्हणजे अख्खी साइट दोन-तीन चौकोनांत संपली, आणि मधले कंटूर सॉफ्टवेअरने स्वतःच्या मनाने ओढले. शिवाय रडार मोकळ्या जमिनीची उंची देतंच असं नाही, झाडांचे शेंडे आणि छपरंही त्यात मिसळतात. तुझ्या दोन्ही बाजूंना इमारती, मध्ये मोठं झाड. काय मोजलं गेलं असेल ते तूच ठरव.

काढून टाकू नकोस. वेगळ्या रेषेने दाखव आणि खाली लिही की हा डेटा आजूबाजूच्या पाणलोटाचा अंदाज घेण्यासाठी, म्हणजे कॉलेजच्या वरच्या बाजूने पाणी येतं का हे बघण्यासाठी वापरला, आणि आतल्या लेव्हल हाताने घेतल्या. कोणता डेटा कशाला पुरतो हे कळणं, हेच तर परीक्षक शोधतोय. मोबाइलच्या जीपीएसचंही तेच. मोकळ्या आभाळाखाली पाचेक मीटर इकडेतिकडे, इमारतींमध्ये त्याहून वाईट. झाडाची जागा त्यावरून मांडली असशील तर टेपने पुन्हा मांड. भिंतीच्या दोन कोपऱ्यांपासून अंतरं घेतलीस की काम झालं.


टेपचं_टोक:

आणि टेप ताणून, आडवा धरून. उतारावर टेप जमिनीला टेकवून अंतर घेतात लोक. ४ टक्क्यांवर फरक नगण्य आहे, पण वहीत 'आडवं अंतर' लिहिलेलं दिसलं की परीक्षकाला माणूस कळतो.


ओलसर_माती:

परत साइटवर जाऊन आले. कॉलेजची परवानगी आणि केबलचा नकाशा आधी घेतला (तो नकाशा मिळायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला). एक परिच्छेद नव्याने लिहिलाय, बघता का?

'आग्नेय कोपऱ्यात पाणी साचतं. बरेच दिवस पाऊस नसताना कोपरा वरच्या भागाइतकाच कोरडा आढळला, म्हणून गळतीची शक्यता कमी धरली. रात्रीच्या मीटरची तपासणी कॉलेजने करून कळवली, मीटर स्थिर होता. पावसात ग्रंथालयाचे दोन पाइप थेट जमिनीवर पाणी सोडताना दिसले. दोन्ही खड्ड्यांतली माती पट्टीच्या चाचणीत सारखी, चिकणमाती. कोपऱ्यातल्या खड्ड्यात विटांचे तुकडे मिळाले आणि पाणी वरच्या खड्ड्यापेक्षा बरंच हळू उतरलं. चेंबरची जाळी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडी उंच आहे. म्हणून छपराचं पाणी बंद पाइपने चेंबरला जोडावं, जाळी खाली घ्यावी आणि कोपऱ्यातली माती मोकळी करावी, असं सुचवते. झाडाच्या राखीव वर्तुळात येणारा पाइपचा भाग तज्ज्ञाच्या देखरेखीखाली हाताने खोदावा किंवा पाइप वर्तुळाबाहेरून फिरवावा. बसायचे सपाट टप्पे वर्तुळाबाहेर उत्तरेकडे घ्यावेत. वर्तुळाच्या आत जमीन आहे तशी ठेवून, न खोदता ठेवता येतील असे सुटे बाक द्यावेत.'


सावलीची_बाजू:

सुट्या बाकांची कल्पना फार आवडली. ते थोडे उतारावर राहतील, तेव्हा पाय कमीजास्त करता येतील असे शोध. आणि व्हीलचेअरवरच्या मुलाला झाडाची सावली मिळेल का, याचं उत्तर अजून परिच्छेदात नाही. वर्तुळाच्या उत्तर काठावरचा टप्पा किती वाजता सावलीत येतो ते तपास. झाडाची सावलीही दिवसभर फिरते.


लेव्हलवाले_काका:

'थोडी उंच' म्हणजे किती? 'बरंच हळू' म्हणजे तासाला किती? लेव्हल घेतलीस, पाणी मोजलंस, आणि आकडे वहीतच ठेवलेस.

आणि छपराचं सगळं पाणी त्या चेंबरला जोडायचं म्हणतेस, तर चेंबरमधून बाहेर जाणाऱ्या पाइपला ते पेलतं का? व्यास आणि उतार लिहून हिशेबासाठी इंजिनिअरकडे दे. नाहीतर आज कोपऱ्यात असलेला चिखल उद्या कॉलेजच्या फाटकावर जाईल.


ओलसर_माती:

जाळी ४ सेंटिमीटर वर. वरच्या खड्ड्यात तासाला ३ सेंटिमीटर, कोपऱ्यात १ सुद्धा नाही. आकडे परिच्छेदात टाकले. बाहेर जाणाऱ्या पाइपचा व्यास घेतला नव्हता. चेंबरचं झाकण उघडायला कॉलेजचा माणूस सोमवारी येतोय, तेव्हा तळाचा आरएलही घेते. टप्प्याच्या सावलीसाठी काठी घेऊनच जाईन.


टेपचं_टोक:

फोटोत जाळीवर स्टाफ उभा दिसू दे, आकडा वाचता येईल एवढ्या जवळून. आणि चेंबरमध्ये उतरू नका, वरूनच मोजा.